तेलविहिरीचा दाब : स्पिंडलटॉप ते मकाँडो

१० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप इथे जेमतेम साडेतीनशे मीटर खोल गेलेल्या विहिरीतून आधी मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव, उसळला, मग ड्रिल पाइप बाहेर फेकले गेले आणि पाठोपाठ दीडशे फूट उंच तेलाचा फवारा उडाला. तो आवरायला नऊ दिवस लागले. त्या काळी असा फवारा म्हणजे तेल लागल्याची आनंदाची खूण होती. १९१० मध्ये कॅलिफोर्नियातली लेकव्ह्यू विहीर उसळली, ती दीड वर्ष वाहत राहिली. सुमारे ९० लाख बॅरल तेल बाहेर आलं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वाया गेलं.

खडकातल्या तेल-वायूचा दाब थोपवून धरतं ते विहिरीत भरलेल्या मडचं वजन. साधं पाणी एक किलोमीटर खोलीला जवळपास ९८ बार (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) दाब देतं, पण काही थरांना तेवढा पुरत नाही. म्हणून १९२० च्या दशकात मडमध्ये बॅराइट या जड खनिजाची भुकटी मिसळायला सुरुवात झाली. मात्र मड फार जड झाला तर खडकच फुटतो, मड भेगांत शिरतो, विहिरीतली पातळी उतरते आणि उलट आतलं तेल वर येऊ लागतं. खोल विहिरीत या दोन टोकांमधली जागा फार अरुंद असते.

त्याच दशकात दुसरी तटबंदी आली. १९२२ मध्ये जेम्स ॲबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी दोन्ही बाजूंनी पोलादी ठोकळे सरकून पाइपभोवती घट्ट बसतील असा ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे विहीर बेभान उसळणं रोखणारं यंत्र (बीओपी), घडवला. ग्रॅनव्हिल नॉक्स यांनी १९४६ मध्ये रबरी कड्याचा प्रकार शोधला. पुढे पाइप कापून विहीर बंद करणारी पातीही आली.

बीओपीचं मोल मोठं आहे, पण ते शेवटचं दार आहे. खरा बंदोबस्त त्याच्या कितीतरी आधी, ड्रिलरच्या नजरेत होतो. टाकीतला मड कारण नसताना वाढला, किंवा पंप बंद केल्यावरही विहीर वाहत राहिली, की किक आली, म्हणजे खडकातलं तेल-वायू विहिरीत शिरलं, असं समजायचं आणि लगेच विहीर बंद करायची. मग ड्रिल पाइपवरचा दाब वाचून जड मडचा हिशेब करायचा आणि आत शिरलेला वायू चोकमधून, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या झडपेतून, सावकाश बाहेर काढायचा. उशीर परवडत नाही, कारण वर येताना वायूवरचा दाब घटतो आणि तो कैक पटींनी फुगतो.

जून १९७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या इश्तोक-१ विहिरीत मड खडकात जाऊ लागला होता, तरी पाइप वर काढायचं काम सुरू झालं. विहीर उसळली तेव्हा बीओपीत ड्रिल कॉलर, म्हणजे पाइपच्या तळाकडचा जाड, जड भाग, होता आणि पात्यांना तो कापता आला नाही. ती विहीर मार्च १९८० मध्ये बंद झाली.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातातल्याच मकाँडो विहिरीवर तर इशारा आकड्यातच होता. तळाचं सिमेंट धरलं आहे का, हे पाहायला डीपवॉटर होरायझन रिगवर वरचा दाब मुद्दाम उतरवला. विहीर शांत राहायला हवी होती. ड्रिल पाइपवर मात्र १४०० पीएसआय (सुमारे ९७ बार) दाब चढला, आणि किल लाइनवर, म्हणजे त्याच विहिरीला बीओपीपाशी जोडलेल्या बाजूच्या नळीवर, दाब शून्य. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. चढलेल्या आकड्याचं काहीतरी स्पष्टीकरण दिलं गेलं, शांत किल लाइनवर विश्वास ठेवला गेला आणि चाचणी यशस्वी ठरली. त्याच रात्री स्फोट झाला. ११ कामगार गेले. पाइप वाकल्यामुळे बीओपीची पाती विहीर बंद करू शकली नाहीत आणि तेल ८७ दिवस वाहत राहिलं.

सगळ्यात जिव्हारी लागते ती एक गोष्ट : ही चाचणी करायलाच हवी असा अमेरिकी नियम त्या दिवसापर्यंत नव्हता, आणि तिचा निकाल कसा वाचायचा याचीही ठरलेली पद्धत नव्हती. ती बंधनकारक झाली ऑक्टोबर २०१० मध्ये.