कंपवातातील औषधेतर उपचार व व्यायाम

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णाला गोळ्यांच्या जोडीने दिले जाणारे व्यायाम, भौतिकोपचार (फिजिओथेरपी), वाचोपचार (बोलणे सुधारण्याचे उपचार), नृत्य आणि घरात करायचे फेरफार यांना मिळून औषधेतर उपचार म्हणतात. गोळ्या बंद करून हे करून पाहावे, असा त्याचा अर्थ नाही. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यात मेंदूतील डोपामिन (हालचालींचे संदेश पोचवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि लेवोडोपाची गोळी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. मात्र जाणारा तोल, खोल गेलेला आवाज, चालताना जागीच खिळणारे पाय यांवर गोळीची मात्रा पुरेशी चालत नाही. व्यायामाची खरी गरज तिथे पडते.

निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करत नाही. सवयीने आपोआप होणारी ही हालचाल कंपवातात बिघडते. पण डोळ्यांपुढे खूण असली, कानांवर ठेका पडला किंवा मुद्दाम लक्ष देऊन पाऊल टाकले, तर तोच माणूस बराच बरा चालतो. बहुतेक सगळ्या औषधेतर उपचारांचे मर्म हेच आहे. बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या मराठी घरांत उंबरठा अजून शाबूत असतो, आणि रुग्णाचे पाय नेमके दारातच अडतात. अशा वेळी घरचे हात धरून ओढतात. त्याने तोल जाण्याचीच भीती. थांबू द्यावे, अंग एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलवायला सांगावे, ‘एक, दोन’ म्हणून मोठे पाऊल टाकायला लावावे. जमिनीवर पावलापावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या तर पट्टी ओलांडताना पाय सहज उचलला जातो. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा फेरा घ्यावा.

बडोद्याच्या घरातला दुसरा घोटाळा म्हणजे हिंचका (झोपाळा). उठायला पुढे झुकले की बैठक मागे सरकते, आणि मागे पडण्याची या रुग्णांची खोड आधीचीच. हातांची भक्कम खुर्ची बरी. उठताना कडेशी सरकावे, पावले गुडघ्यांच्या मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांपुढे जाईल इतके वाकावे आणि मग उठावे. हिंचक्यावर बसू नका म्हटले की आजोबा रुसतात, हे खरेच.

बडोद्याला व्यायामाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि व्यायामगुरू प्रा. माणिकराव यांचे हे शहर. व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंडही इथूनच निघाले. जोर-बैठकांत वाढलेल्या पिढीला ‘कमाटी बागेत जरा फिरून या’ हा सल्ला थोटका वाटतो, आणि तो थोटका आहेच. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अजून गोळ्या सुरू न झालेल्या १२८ रुग्णांपैकी काहींना सहा महिने ट्रेडमिलवर कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत चालवले. व्यायाम न वाढवलेल्यांपेक्षा त्यांची लक्षणे कमी बळावली. २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करणाऱ्यांचा तोल नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा सुधारला. म्हणजे दम लागेल असे काही आणि तोल सांभाळणारे काही, दोन्ही हवे. हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मात्र दम लागेपर्यंत जाऊ नये. चालता येत नाही अशा काहींना सायकल उत्तम चालवता येते. घरात जागेवरची सायकल ठेवली तर पडण्याचा धोकाही कमी.

आवाजाकडे घरात फार उशिरा लक्ष जाते. फोनवर पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते आणि रुग्णाची तक्रार अशी, की मी तर ओरडून बोलतोय! आपला आवाज लहान झाला आहे हे त्याला जाणवतच नाही. ली सिल्व्हरमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाचोपचारात चार आठवड्यांत १६ सत्रे होतात आणि सूत्र एकच असते : मोठ्याने बोला. घरी रामरक्षा किंवा मनाचे श्लोक खणखणीत म्हणावेत. ते पाठ असतात, म्हणून पुटपुटत उरकण्याचा मोह आवरावा लागतो. बारीक होत जाणाऱ्या अक्षरासाठी दुरेघी वही वापरावी.

कंपवाताच्या रुग्णांचे नृत्यवर्ग २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या संस्थेने सुरू केले. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळ या मदतगटाच्या शुभार्थींसाठी (म्हणजे रुग्णांसाठी) असे वर्ग घेतले. बडोदेकराला याचे नवल वाटू नये, कारण दोन टाळी, तीन टाळीचा गरबा म्हणजे ठेका, पाऊल आणि वर्तुळ. नवरात्रातल्या मैदानावरची गर्दी आणि गिरक्या टाळाव्यात. सोसायटीच्या चौकात, सोबतीला शुभंकर (रुग्णाची काळजी घेणारे माणूस) घेऊन, संथ लयीत टाळ्या वाजवीत फेर धरावा.

व्यायामाची वेळ गोळीवर ठरते. गोळी लागू झाली की करावा, असर उतरल्यावर नव्हे. दूध, डाळ, पनीर यांतल्या प्रथिनांमुळे लेवोडोपाचे शोषण अडते, म्हणून ती जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घेतात. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरणाऱ्यांनी सूर्यनमस्कारासारखे वर-खाली होणारे प्रकार विचारून करावेत. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे, आणि सकाळी बिछान्यातून उठताना कडेवर क्षणभर बसून मगच पाय जमिनीवर द्यावेत.