कलम ९ अ कुठून आले आणि का गेले

दिवाणी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्राने घातलेल्या आणि २०१८ मध्ये वगळलेल्या कलम ९ अ ची गोष्ट एका नोटिशीपासून सुरू होते. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८० हे १९०८ पासून सांगत आले आहे. पण ज्याच्या बांधकामावर उद्या हातोडा पडणार आहे, त्याने दोन महिने थांबायचे कसे?

मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात यावर एक वाट निघाली होती. नोटीस न देताच दावा दाखल करायचा, नोटीस ऑफ मोशन (म्हणजे अंतरिम दिलाशासाठीचा अर्ज) काढायची आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवायचा. मोशनची सुनावणी पुढे ढकलली जायची. तेवढ्यात सरकारला कलम ८० ची नोटीस धाडायची आणि तिची मुदत भरली की नव्याने दावा लावण्याची मुभा घेऊन पहिला दावा मागे घ्यायचा. मधल्या काळात मनाई हुकूम चालूच. नोटीस नाही म्हणजे दावा ऐकण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, अशी हरकत सरकारी पक्षाने घेतली तरी उपयोग होत नसे. ‘इन्स्टिट्यूट इंडो-पोर्तुगीज विरुद्ध बोर्जेस’ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९५८ मध्ये दिलेल्या निकालाचा अर्थ असा घेतला जाई, की अंतरिम दिलासा देताना अधिकारितेच्या, म्हणजे दावा ऐकण्याचा अधिकार आहे की नाही या, प्रश्नात शिरायचे नाही.

ही पळवाट बुजवण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने १९७० च्या अधिनियम क्रमांक २५ ने संहितेत कलम ९ अ घातले. अंतरिम अर्जाच्या सुनावणीत प्रतिवादीने अधिकारितेची हरकत घेतली, तर न्यायालयाने तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी निकाली काढायचा. दाव्याच्या अंतिम सुनावणीपर्यंत तो लांबवायचा नाही. तोवर गरज असेल तर तात्पुरता दिलासा देता येईल. दुखणे एका न्यायालयातले होते, औषध मात्र साऱ्या राज्याला दिले गेले. गोव्याला ही दुरुस्ती लागू नव्हती. त्यामुळे उच्च न्यायालय एकच असूनही पणजीतला दावा एका रीतीने चाले आणि सावंतवाडीतला दुसऱ्या.

पुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडेच फारसे लक्ष गेलेले नाही. १९७६ मध्ये संसदेने संहितेत मोठी दुरुस्ती केली आणि ती १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली. तिने कलम ८० मध्ये नवे पोटकलम आणले. तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटीस न देताही सरकारवर दावा लावता येईल, फक्त सरकारला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय दिलासा द्यायचा नाही. म्हणजे ज्या अडचणीतून मुंबईतली ती वाट निघाली होती, ती अडचणच दूर झाली. त्याच दुरुस्तीने दाव्यातले मुद्दे कसे निकाली काढायचे हे सांगणारा, संहितेच्या आदेश १४ चा नियम २ बदलला. दाव्यातले सगळे मुद्दे एकत्र निकाली काढा, निव्वळ कायद्याचा प्रश्न असेल आणि तो अधिकारितेचा किंवा कायद्याने घातलेल्या बंदीचा असेल तरच तो आधी घेता येईल, आणि तेही न्यायालयाला योग्य वाटले तर. एका मुद्द्यावर दावा वरच्या न्यायालयापर्यंत जायचा, तिथून परत यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, हा फेरा थांबवण्यासाठीच हा बदल होता.

केंद्रीय दुरुस्तीशी विसंगत ठरणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या त्याच कायद्याने रद्द झाल्या. तरीही महाराष्ट्राने त्याच वर्षी अधिनियम क्रमांक ६५ काढून १९ डिसेंबर १९७७ पासून कलम ९ अ परत आणले. देश एका दिशेने निघाला आणि आपण जुन्याच वाटेवर परतलो. मूळ कारण उरलेले नसताना उपाय तेवढा राहिला.

आणि हरकत घेणे महाराष्ट्रात अवघड कधीच नव्हते. मुंबईत मालक-भाडेकरूचा वाद असेल तर तो लघुवाद न्यायालयाचा, गृहनिर्माण संस्था आणि सभासदाचा असेल तर सहकार न्यायालयाचा, कुळाचा हक्क असेल तर तहसीलदाराचा. वादाला यातली किनार असली की ‘या न्यायालयाला अधिकारच नाही’ असे म्हणता येते. कित्येकदा ती हरकत खरीही असते. पण खरी असो वा नसो, घेतली की कलम ९ अ लागू व्हायचे. १९९८ मध्ये ‘मेहेर सिंग विरुद्ध दीपक साहनी’ प्रकरणात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले, की या प्राथमिक मुद्द्यावर पक्षकारांना साक्षीपुरावा देण्याची संधी दिली पाहिजे. तर्काने ते बरोबर होते, कारण वस्तुस्थिती ठरवल्याशिवाय अधिकारिता ठरत नाही. परिणाम मात्र असा झाला, की खऱ्या दाव्याआधी एक छोटा दावाच उभा राहिला. त्यात शपथपत्रे आली, उलटतपास आला, मग निकाल, त्यावर उच्च न्यायालय आणि पुढे दिल्ली. मनाई हुकमाचा मूळ अर्ज तोवर तसाच पडून. वादीच्या हाती तात्पुरता हुकूम असेल तर प्रतिवादी अडकलेला, नसेल तर वादी.

त्यात ‘अधिकारिता’ म्हणजे नेमके काय, हाही वाद होताच. दावा मुदतबाह्य आहे ही हरकत त्यात धरायची का? ‘फोरशोअर सहकारी गृहनिर्माण संस्था विरुद्ध प्रवीण देसाई’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये ‘हो’ म्हटले. ‘कमलाकर साळुंखे विरुद्ध बाबुराव जावळकर’ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाचे उत्तर ‘नाही’ असे होते. परस्परविरोधी निकालांमुळे प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे गेला.

त्यांचा निकाल येण्याआधीच राज्य सरकारने जून २०१८ मध्ये अध्यादेश काढून कलम ९ अ वगळले. पुढे अधिनियम क्रमांक ६१ ने त्यावर शिक्कामोर्तब झाले. या कलमाखाली काढलेले आणि प्रलंबित असलेले प्राथमिक मुद्दे आदेश १४ खालचे समजून बाकीच्या मुद्द्यांबरोबरच ऐकावेत, अशी तरतूद त्यात होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘नुस्ली नेव्हिल वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज’ मध्ये न्या. अरुण मिश्रा, न्या. एम. आर. शाह आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने ठरवले, की कलम ९ अ मधली अधिकारिता संकुचित अर्थाने घ्यायची. मुदतीचा प्रश्न कायदा आणि वस्तुस्थिती या दोन्हींत गुंतलेला असल्याने तो त्या कलमाखाली आधी काढता येत नाही. उत्तर आले तेव्हा कलम वगळून वर्ष उलटून गेले होते. ज्या दाव्यात ते आले, तो मुंबई उच्च न्यायालयात २००८ साली दाखल झालेला होता.