दुखणं खरं, आणि त्याची धास्तीही खरी

पहाटेचे तीन. कूस बदलताना कंबरेत कळ येते, रोजचीच. पण तिच्या पाठोपाठ विचार येतो: हे वाढत चाललंय, एक दिवस मला उठताच येणार नाही. अंग आखडतं, झोप उडते. सकाळी खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकायचीही भीती वाटते.

3 महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. 1995 मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी अशा विचारांसाठी 13 विधानांची मोजपट्टी तयार केली. दुखणं सतत मनात घोळणं, ते भयंकर रूप घेईल असं वाटणं आणि 'माझ्या हातात काहीच नाही' ही हतबलता, या तीन गोष्टी तिच्यात मोजतात. जास्त गुण पडणाऱ्यांना सहसा वेदना अधिक तीव्र जाणवते आणि हालचालीही जास्त जखडतात. अशा विचारांना आपल्याकडे 'बाऊ करणं' म्हणतात. हा शब्द रुग्णाला फार लागतो, कारण त्यात 'तुला खरं काही झालेलंच नाही' हा आरोप दडलेला असतो.

तो आरोप खोटा आहे. मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे मार्ग वेदनेचे संदेश दाबू शकतात, तसेच वाढवूही शकतात आणि भीती, अपेक्षा यांचा त्यांच्यावर परिणाम होतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेला चटका देत शिरेतून रेमिफेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं. आधी त्यांना न सांगता ते सुरू केलं, तेव्हा थोडा आराम पडला. 'आता औषध सुरू करतोय' म्हटल्यावर आराम जवळपास दुप्पट झाला. मग 'औषध बंद केलं, दुखणं वाढेल' असं सांगितलं. औषध तेवढंच चालू होतं, तरी त्याचा परिणाम जवळजवळ पुसला गेला. निव्वळ एका वाक्याने!

जुनाट दुखण्यात हे वाक्य माणूस दिवसभर स्वतःलाच ऐकवत असतो. मग तो हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात आणि थोडं काम केलं तरी जास्त दुखतं. आपली भीती खरी होती, असं त्याला वाटतं.

म्हणून 'मनावर घेऊ नकोस' या सल्ल्याचा काही उपयोग नाही. उपयोग होतो तो शिकण्याचा: विचार ओळखणं, श्वास संथ करणं, टाळलेली हालचाल थोडी थोडी परत सुरू करणं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना विचार ओळखणं, शरीर शांत करणं अशी कौशल्यं शिकवणारा फक्त 2 तासांचा एक वर्ग घेतला. तीन महिन्यांनी पाहिलं, तर असे विचार कमी करण्यात तो विचार-वर्तन उपचाराच्या (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या) 8 सत्रांपेक्षा मागे नव्हता.

सुरुवात त्या पेन्सिलीपासूनही करता येते. आज गुडघ्यापर्यंत वाकायचं, दोन दिवसांनी आणखी थोडं खाली.