परफेक्शनिस्ट असणं आणि कामाला दर्जा असणं: दोन वेगळ्या गोष्टी

मुलाखतीत "तुमचा एखादा दोष सांगा" असं विचारलं, की हमखास येणारं उत्तर म्हणजे "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे." सांगणाऱ्याला ते कौतुक वाटत असतं आणि ऐकणारेही ते कौतुक म्हणूनच वहीत टिपून घेतात. मी बरीच वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काम केलं आहे, आणि हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. कारण ते म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा सांगायचं असतं, "माझ्या कामाला दर्जा आहे." आणि ही दोन वाक्यं एक नाहीत.

परफेक्शनिझम म्हणजे काय ते नव्यानं सांगायला नको. दोन ओळींचा ईमेल सात वेळा वाचणं, दुसऱ्यानं नीट केलेलं काम पुन्हा स्वतः करणं, "अजून थोडंसं" म्हणत तारीख ओलांडणं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय आणि बऱ्याच जणांनी केलंयही. त्यातून थकवा येतो, उशीर होतो, कामं दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत. हे सगळं खरं, पण ही लक्षणं झाली. व्यवस्थित कपडे, ईमेलखालची सही, वेळेआधी पाच मिनिटं पोचणं यांनाही लोक 'प्रोफेशनल' असण्याची खूण मानतात. चांगल्या सवयी आहेत, अंगी बाणवाव्यात. त्यावर लेख लिहायची गरज नाही.

लोक अडखळतात ती जागा एकच: पुरेसं म्हणजे किती, हे ठरतं केव्हा? दर्जा कामाला हात लावण्याआधी ठरतो. परफेक्शन काम चालू असताना करणाऱ्याच्या मनात ठरत राहतं, म्हणजे खरं तर ठरतच नाही.

वर्कशॉपमध्ये हे डोळ्यांना दिसतं. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरचं भोक आहे आणि पुढे एच७ लिहिलंय असं समजा. याचा अर्थ भोक २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत कुठेही चालेल. सवलत फक्त २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हे भोक तपासायला प्लग गेज असतो, म्हणजे भोकात घालून बघायचा ठरल्या मापाचा दांडा, दोन टोकांचा. 'गो' टोक आत जायलाच हवं, 'नो-गो' टोक आत जाता कामा नये. मशीनवरच्या माणसाचा आज मूड कसा आहे, साहेब मागे उभे आहेत का, हे त्या गेजला कळत नाही. २५.००४ चं भोक पास आणि २५.०१७ चंही पास. दोघांत उजवं-डावं काही नाही. २५.०२४ चं मात्र नापास, कितीही मेहनत घेऊन केलेलं असलं तरी.

नवीन आलेली मुलं विचारायची, "मॅडम, मग बरोबर २५ च का नाही लिहीत? सवलत द्यायचीच कशाला?" प्रश्न चांगला आहे, कारण परफेक्शनिस्टाचा सगळा गैरसमज त्यात आहे. बरोबर २५ कुणाला करता येत नाही आणि केलं तरी ते सिद्ध करता येत नाही. मोजणाऱ्या उपकरणाची स्वतःची चूक असते. पोलाद तापमानाबरोबर वाढतं. एका अंशाला मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन, म्हणजे २५ मिलिमीटरचं माप दहा अंशांत जवळजवळ तीन मायक्रॉननं सरकतं. म्हणून तर मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ज्या ड्रॉइंगवर ही सवलत, म्हणजे टॉलरन्स, नाही, ते ड्रॉइंग कडक नसतं, अर्धवट असतं. त्यावरून काम करणाऱ्याला थांबायचं कुठे ते कळत नाही आणि तपासणाऱ्याला नाकारायचं कशाच्या आधारावर तेही कळत नाही. "एकदम परफेक्ट पाहिजे" ही सूचना देणाऱ्या प्रत्येक वरिष्ठानं हे लक्षात घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. ती सूचना नाहीच. आपण नीट विचार केलेला नाही, एवढंच त्यातून समोरच्याला कळतं.

आता यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे: "म्हणजे चालवून घ्यायचं?" अजिबात नाही. 'चालतंय' म्हणणारा आणि परफेक्शनिस्ट, दोघांकडेही गेज नाही. पहिला थकला की थांबतो, दुसरा समाधान झालं की थांबतो. दोघांचीही रेघ काम चालू असतानाच हलते. टॉलरन्स सैल ठेवायचा की आवळायचा हा वेगळा प्रश्न आहे. जिथे गरज असेल तिथे पाच मायक्रॉन द्या, आणि नग मोजायचे असतील तिथे शून्यही द्या. शस्त्रक्रियेनंतर जखम बंद करताना वापरलेले गॉज, सुया, अवजारं मोजली जातात आणि आकडा आधीच्या मोजणीशी जुळावाच लागतो. तिथे एकाचीही सवलत नाही. तरी तो दर्जाच, कारण जुळलं की नाही हे कुणीही मोजून सांगू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी आणली तिच्यात ही मोजणी आहे. यादीत एकूण १९ मुद्दे, थांबायच्या जागा तीन: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, असाही एक मुद्दा आहे. कुणाही हुशार माणसाला अपमान वाटावा इतकं हे साधं आहे. दर्जा बहुतेक वेळा असाच कंटाळवाणा दिसतो. त्यात चमक शोधणाऱ्यांनी इथेच जरा थांबून विचार करावा.

ही रेघ आधी आखण्याचं महत्त्व वैमानिकांइतकं क्वचितच कुणी ओळखलं असेल. विमान उतरवताना वेग, उतरण्याचा दर, दिशा, चाकं, फ्लॅप हे सगळं ठरलेल्या मर्यादेत कुठल्या उंचीपर्यंत यायला हवं हे आधीच लिहिलेलं असतं. सर्वत्र शिफारस केला जाणारा आकडा असा: दिसत नसेल तर धावपट्टीच्या पातळीपासून १००० फुटांवर, स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर. तोवर सगळं जुळलं नाही तर पुन्हा वर जायचं आणि नव्यानं यायचं. 'गो-अराउंड' म्हणतात त्याला. "मी सावरून घेईन" हा विचार हुशार माणसाच्या मनात नेमका त्याच वेळी येतो, आणि तेव्हा डोकं सगळ्यात कमी भरवशाचं असतं. म्हणूनच निर्णय जमिनीवर, शांतपणे, आदल्या दिवशी घेऊन ठेवलेला असतो. मर्यादेत उतरलेलं विमान थोडं दणकन टेकलं तरी उतरणं बरोबरच. मर्यादेबाहेरून येऊन मऊ टेकलं, तर प्रवासी टाळ्या वाजवतील, पण काम वाईट झालं.

हे शेवटचं वाक्य गळी उतरवायला मला स्वतःला खूप वर्षं लागली. आपल्याला निकालावरून काम जोखायची सवय असते.

परफेक्शनिस्ट आणि दर्जा मानणारा, या दोघांचा चुकीशी असलेला संबंधही यातूनच निघतो. परफेक्शनिस्टाला चूक म्हणजे स्वतःवरचा डाग वाटतो, म्हणून तो ती लपवतो किंवा काम दाखवतच नाही. दर्जा मानणारा चूक निघणार हे गृहीत धरतो आणि तिला आत यायला दार ठेवतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवून देणाऱ्याला २.५६ डॉलरचं बक्षीस देत आले आहेत (संगणकवाले दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजतात तेव्हा २५६ हा आकडा '१००' असा लिहिला जातो, म्हणून २५६ सेंट म्हणजे त्यांचा पुरा एक डॉलर). इतका काटेकोर लेखक क्वचित सापडेल, आणि हाच माणूस चुका शोधायला लोकांना बोलावतो. आमच्या विभागात ज्या टेबलावर एकही माल नापास होत नव्हता, त्या टेबलाची मी आधी चौकशी करायचे. "शून्य चूक" असा फलक लावलेल्या ठिकाणी चुका कमी होतातच असं नाही. त्यांची नोंद मात्र नक्की कमी होते. मला असे फलक मनापासून आवडत नाहीत.

कामाबाहेरही रेघ अशीच आखता येते, फक्त तिथे ड्रॉइंग आपणच काढायचं असतं. "मी नियमित व्यायाम करणार" याला टॉलरन्स नाही. "आठवड्यात चार दिवस, किमान वीस मिनिटं" याला आहे. पाचव्या दिवशी न गेल्याची टोचणी नको आणि तीनच दिवस झाले तर सबब नको. "लोकांना वेळेवर उत्तर देईन" याऐवजी "उत्तर तयार नसलं तरी मिळाल्याचं त्याच दिवशी कळवीन." "मुलांशी चांगलं वागेन" याऐवजी "चिडून बोलले तर झोपायच्या आत माफी मागेन." लिहिताना एकच कसोटी लावा: ते झालं की नाही हे आपल्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकेल का? मुलगी सांगू शकते. सहकारी सांगू शकतो. सांगता येत नसेल, तर लिहिलाय तो दर्जा नव्हे, इच्छा आहे.

आणि आकडा आपल्या वाईट दिवसाकडे पाहून लिहा. ताप आलाय, झोप झालेली नाही, घरात काळजी आहे, तरीही ज्याच्या खाली आपण जाणार नाही तेवढंच लिहायचं. चांगल्या दिवशी त्याहून कितीही वर जावं, आनंदानं जावं. पण तो आनंद गेजवर कोरू नये, नाहीतर पुढच्या आठवड्यात गेजच ड्रॉवरमध्ये जातो.

मुलाखतीतल्या त्या उत्तराला मी आता एक उपप्रश्न विचारते: "तुमचं मागचं काम पूर्ण झालं हे तुम्हाला कशावरून कळलं?" एका मुलीनं क्षणभर विचार करून सांगितलं, "सुरुवातीला आम्ही पाच गोष्टी लिहून घेतल्या होत्या. चार झाल्या, पाचवी होणार नाही हे आधीच कळवलं आणि तारीख बदलून घेतली." तिला मी दोषाबद्दल पुढे काही विचारलं नाही.