जैवविघटनशील पॉलिमर मिश्रणे : जुन्याच पदार्थांवर भिस्त का राहिली?

ऊती अभियांत्रिकीत, म्हणजे शरीरातील ऊती दुरुस्त करण्यासाठी किंवा नव्याने घडवण्यासाठी झटणाऱ्या क्षेत्रात, आज वापरल्या जाणाऱ्या जैवविघटनशील (शरीरात हळूहळू विघटित होणाऱ्या) पॉलिमर मिश्रणांचे बहुतेक कृत्रिम घटक मुळात या क्षेत्रासाठी तयार झालेले नव्हते. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचे विरघळणारे टाके १९७० च्या सुमारास शस्त्रक्रियेत आले आणि ग्लायकॉलाइड व लॅक्टाइड यांच्या कोपॉलिमरचे (दोन्ही घटक एकाच साखळीत गुंफलेल्या पॉलिमरचे) टाके काही वर्षांतच त्यांच्या जोडीला आले. त्यामागची कॅटगटची (प्राण्यांच्या आतड्यांपासून बनवलेल्या धाग्याची) परंपरा फार जुनी असली, तरी आजच्या प्रश्नांची मुळे या दोन कृत्रिम धाग्यांतच आहेत.

टाक्यांत यशस्वी ठरलेले हे पदार्थ १९८० च्या दशकात मोडलेली हाडे जोडण्यासाठी दांड्या व पट्ट्यांच्या रूपात वापरले गेले, तेव्हा पहिल्या अडचणी समोर आल्या. पॉलिग्लायकॉलाइडच्या दांड्या बसवलेल्या काही रुग्णांत जंतुसंसर्ग नसतानाही काही आठवड्यांनी सूज आणि स्राव दिसू लागला. पॉलि-एल-लॅक्टाइडच्या पट्ट्यांनी गालाचे हाड जोडलेले काही रुग्ण तर सुमारे तीन वर्षांनी सूज घेऊन परतले, कारण अतिशय स्फटिकी असलेल्या त्या पट्ट्यांचे कण तोवर ऊतींत शिल्लक होते. जाड तुकडा बाहेरून झिजत न जाता आतून लवकर विघटित होतो, हेही १९९० च्या आसपास स्पष्ट झाले : आत तयार झालेली आम्ले बाहेर पडू शकत नाहीत आणि तीच साखळीतील दुवे जोडणाऱ्या उरलेल्या एस्टर बंधांचे विच्छेदन वेगाने घडवतात.

याच काळात ऊती अभियांत्रिकी स्वतंत्र क्षेत्र म्हणून आकाराला आली आणि पेशींना आधार देणाऱ्या स्कॅफोल्डसाठी साहित्याची निवड करण्याची वेळ आली. पॉलिलॅक्टाइड ताठ पण ठिसूळ, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोन लवचीक, सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळणारे, पण शरीरात दोन-तीन वर्षे टिकणारे. नवे पॉलिमर घडवावे की हाताशी असलेलेच मिसळावेत, या प्रश्नावर कल मिसळण्याकडे गेला. त्यामागचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद असा की हे पदार्थ 'आधीच मान्यताप्राप्त' आहेत.

या युक्तिवादाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत तो आजही जसाच्या तसा येतो. अमेरिकेतील नियामक यंत्रणा रोपणासाठी एखाद्या पॉलिमरला सरसकट मान्यता देत नाही. ती विशिष्ट उपयोगासाठी बनवलेल्या विशिष्ट उत्पादनाला मान्यता देते. टाक्याच्या सुरक्षिततेचा पुरावा त्याच पदार्थाच्या जाड स्कॅफोल्डला आपोआप लागू होत नाही, आणि मिश्रणाला तर त्याहूनही कमी लागू होतो. लांब साखळ्यांचे पॉलिमर मिसळल्याने एंट्रॉपी (रेणूंच्या मांडणीतील अव्यवस्था) फारशी वाढत नाही, म्हणून बहुतेक जोड्या एकजीव न होता दोन प्रावस्थांत, म्हणजे वेगवेगळ्या भागांत, विभागल्या जातात. पॉलिलॅक्टाइड आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे तेच होते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन अखंड प्रावस्था असेल, तर पाणी आत शिरणे मंदावते. ते पॉलिलॅक्टाइडमध्ये थेंबांच्या रूपात विखुरलेले असेल, तर आधाराचा मुख्य भागच आधी कमकुवत होतो. त्यामुळे विघटनाचा काळ दोन घटकांच्या सरासरीवरून काढणे हा गणिताचा सोपा मार्ग असला, तरी रुग्णाच्या दृष्टीने तो धोक्याचा आहे. दोन्ही प्रावस्थांच्या सीमेवर कोपॉलिमर घालून चिकटपणा वाढवता येतो, पण मग मिश्रणात तिसरा घटक येतो आणि त्याच्याही विघटनाचा हिशेब द्यावा लागतो.

पुढे विद्युत-कताईने, म्हणजे उच्च विद्युतदाबाने द्रावणातून धागे ओढून, अतिसूक्ष्म नॅनोतंतू बनवण्याचे तंत्र पसरले आणि जिलेटिन, कोलॅजेन, कायटोसान हे नैसर्गिक घटक मिश्रणांत आले. पेशींना ते मानवतात, पण जिलेटिन पाण्यात धुऊन निघते. त्याला बांधून ठेवण्यासाठी ग्लूटराल्डिहाइड वापरले, तर त्याचे अवशेष पेशींना विषारी ठरू शकतात. म्हणून जेनिपिन किंवा कार्बोडायइमाइड या कमी विषारी बांधणाऱ्या रसायनांकडे वळणे योग्यच होते.

ओळखीचा पदार्थ नव्या जागी नेताना काय होऊ शकते, हे हृदयाच्या रक्तवाहिनीतील विरघळणाऱ्या स्टेंटने (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीने) दाखवले. पॉलिलॅक्टाइडच्या अशा एका स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, परंतु धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळ्यांचे प्रमाण अधिक आढळले आणि पुढच्याच वर्षी त्याची विक्री थांबली. मिश्रणांच्या बाबतीत म्हणूनच अंतिम आकारातील, निर्जंतुकीकरण झालेल्या नमुन्याचे विघटन पूर्ण होईपर्यंत पाहणे आवश्यक आहे, कारण निर्जंतुकीकरणासाठी दिलेले गॅमा किरणही साखळ्या तोडतात आणि रोपणाआधीच रेणुभार घटवतात.