पिण्याच्या पाण्याला लिटरमागे किती पडतात?

आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं. त्या पहाटे मोटारी सुरू झाल्या की हौद, पिंपं, कळश्या, पातेलीसुद्धा भरून निघतात. तरीही आठच्या सुमारास जारवाल्याचा टेम्पो दारात असतोच. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी धुण्याभांड्याला आणि जारचं प्यायला, ही वाटणी सोलापुरात अंगवळणी पडली आहे. मी एकदा कागद-पेन घेऊन तिचा हिशेब मांडला.

चार माणसांच्या घराला पिण्यापुरतं दिवसाला 12 लिटर, म्हणजे वर्षाला 4,380 लिटर पाणी धरलं. एक लिटरच्या बाटलीला 20 रुपये धरले तर वर्षाचे 87,600 रुपये होतात; बाटली प्रवासातच बरी. 20 लिटरचा जार आमच्याकडे 30 रुपयांना येतो, लिटरमागे दीड रुपया. घरचं आरओ यंत्र 12,000 रुपयांचं आणि आठ वर्षं टिकणारं धरलं, फिल्टर आणि सर्व्हिसचे वर्षाला 3,500 आणि विजेचे जेमतेम पावणेदोनशे मिळवले, तर लिटरला 1 रुपया 18 पैसे पडतात. जार आणि आरओ यांत फरक तो एवढाच, बत्तीस पैशांचा.

उकळलेलं पाणी मात्र आपण फुकटात धरतो. 28 अंशांचं 12 लिटर पाणी 100 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 3,600 किलोज्यूल उष्णता लागते आणि शेगडीची निम्मी उष्णता पातेल्याच्या कडेने निघून जाते. म्हणजे रोज 155 ग्रॅमच्या आसपास गॅस. किलोला 60 रुपये धरले तर लिटरमागे 78 पैसे, आणि तीन महिन्यांत एक सिलिंडर नुसत्या पाण्यावर. त्यापेक्षा 7,000 रुपयांचं साधं यूव्ही-यूएफ यंत्र, म्हणजे अतिनील दिवा आणि बारीक गाळणी, तेही आठ वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला 2,000 रुपयांची देखभाल आणि थोड्या विजेसह 68 पैशांत काम करतं.

मग सगळ्यांनी तेच का घेऊ नये? इथे टीडीएस येतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजलेले. भारतीय मानकानुसार 500 पर्यंत पाणी चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालतं. दोन-तीनशे रुपयांचं मीटर घेऊन मी घरीच मोजलं. नळाचं पाणी 340, मागच्या बोअरचं 1,180. काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. म्हणून बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याला तो पांढरा खरखरीत थर बसतो. हे क्षार काढायला आरओ लागतं. नळाच्या 340 ला मात्र त्याची गरज नाही. त्या पाण्याचा धोका जंतूंचा आणि गढूळपणाचा, आणि तिथे गाळण व अतिनील दिवा पुरतो. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं.

मीटर विजेचं वहन मोजतं, जंतू नाही. आकडा 50 दिसला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही, हे मी शेजारच्या काकूंना दोनदा समजावलं. अतिनील दिव्याचंही एक पथ्य आहे: पाणी नितळ हवं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की जंतू मातीच्या कणांआड दडतात आणि किरण तिथवर पोचत नाहीत. आधी पाणी निवळू द्यायचं, गाळायचं, मग यंत्रात घालायचं.

आपल्या गावात खरी गफलत साठवणीत होते. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक सांगतं. तेच वाटेतल्या जंतूंपासून राखण करतं. पण हौदात चार दिवस, त्यातही मे महिन्याच्या उन्हात, ते उडून जातं. त्यात हात बुडवून तांब्या काढला की पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रातली सगळी मेहनत पाण्यात. यंत्रातला कार्बनही क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे शुद्ध केलेलं पाणी त्याच दिवशी संपवावं. जारचंही तेच. सील नसलेला, परवाना क्रमांक नसलेला जार मी दारातून परत पाठवतो.

पैशांच्या हिशेबात न बसणारा एक खर्च मला आरओच्या टाकाऊ पाण्याच्या नळीखाली बादली ठेवल्यावर दिसला. पाच लिटरची कळशी भरेपर्यंत बादलीत अकरा लिटर जमलं. रोजच्या 12 लिटरसाठी सव्वीस लिटर बाहेर, पाच दिवसांत 130 लिटर. दोनशे लिटरच्या पिंपातलं निम्म्याहून जास्त, आणि ते पिंप भरायला आम्ही पहाटे चारला उठतो! जार विकत घेतला तरी हे टळत नाही. जारच्या प्लांटमध्येही बहुतेक आरओच असतं, फक्त तिथली नळी आपल्याला दिसत नाही.

आता आमच्या नळाच्या पाण्याला यूव्ही-यूएफ लावलं आहे. आरओ फक्त नळ लांबला आणि बोअरवर वेळ आली की सुरू करतो, आणि त्याची नळी थेट मोरीतल्या बादलीत सोडली आहे. बोअरच्या त्या टाकाऊ पाण्याचा टीडीएस 1,680 भरला. फरशी आणि संडासाला ते चालतं. तुळशीला आठवडाभर घातलं, तर पानांच्या कडा करपल्या.