केंटकी : यादवी युद्धातील सीमावर्ती राज्य

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामगिरी कायदेशीर असूनही जी राज्ये संघराज्यातून फुटली नाहीत, त्यांना सीमावर्ती राज्ये म्हणतात. केंटकी, मिसुरी, मेरिलंड आणि डेलावेअर ही मूळची चार. १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाची भर पडली. निष्ठेची ओढाताण सर्वांत उघडी पडली ती केंटकीत. उत्तरेचे, म्हणजे संघराज्याचे, अध्यक्ष लिंकन आणि दक्षिणेचे, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांचे, अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, दोघेही याच राज्यात जन्मलेले, सुमारे आठ महिन्यांच्या अंतराने.

१८६० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या साडेअकरा लाखांवर होती आणि त्यांतले सव्वादोन लाख गुलाम, म्हणजे पाचातला एक. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने सैन्य मागितले तेव्हा गव्हर्नर मॅगॉफिनने साफ नकार दिला. विधिमंडळ मात्र फुटून निघायलाही तयार नव्हते. त्यातून मे महिन्यात तटस्थता जाहीर झाली. ही भूमिका वरवर भाबडी वाटते, पण तिच्यात हिशेब होता: बहुसंख्य गोऱ्या केंटकीकरांना संघराज्यही हवे होते आणि गुलामगिरीही, आणि युद्ध पेटले की यांपैकी एक जाणार हे त्यांना कळत होते. दरम्यान गावोगाव दोन दले कवायत करू लागली. स्टेट गार्डचा ओढा दक्षिणेकडे, होम गार्डचा उत्तरेकडे. होम गार्डला वॉशिंग्टनहून गुपचूप बंदुका आल्या, त्यांना लोक ‘लिंकनच्या बंदुका’ म्हणत.

ऑगस्टच्या निवडणुकीत संघराज्यवाद्यांनी विधिमंडळ जिंकले. ३ सप्टेंबरला दक्षिणेचा जनरल पोक मिसिसिपीकाठच्या कोलंबसकडे सैन्य घेऊन घुसला, तीन दिवसांत उत्तरेचा जनरल ग्रँट याने पडूका शहर घेतले आणि तटस्थता संपली. आगळीक पोकची, म्हणून विधिमंडळाने फक्त दक्षिणेच्या सैन्याला निघून जायला सांगितले. त्याच महिन्यात लिंकनने एका मित्राला लिहिले, की केंटकी गमावणे म्हणजे जवळजवळ सगळा डावच गमावणे.

दक्षिणवाद्यांनी नोव्हेंबरमध्ये रसेलव्हिल येथे वेगळे सरकार स्थापले आणि डिसेंबरात दक्षिणेने या राज्याला सामावून घेतले. अशा रीतीने दोन्ही ध्वजांवर केंटकीचा तारा झळकू लागला. या दुसऱ्या सरकारचा पहिला गव्हर्नर जॉन्सन शायलोच्या लढाईत पडला. त्याच्यानंतरच्या रिचर्ड हॉझने ४ ऑक्टोबर १८६२ रोजी राजधानी फ्रँकफर्टमध्ये थाटात शपथ घेतली खरी, पण शत्रू जवळ आला आणि दुपारीच तोफा ऐकू आल्या. संध्याकाळचा नाच रद्द करून मंडळींनी शहर सोडले. चार दिवसांनी पेरीव्हिलच्या मोठ्या लढाईनंतर दक्षिणेचे सैन्य राज्यातून माघारी गेले. नंतर आल्या त्या धाडी आणि गनिमी टोळ्या.

‘भावाविरुद्ध भाऊ’ हे इथे अक्षरशः खरे होते. केंटकीचे सिनेटर क्रिटेंडन यांनी उत्तर-दक्षिण तडजोडीसाठी जंग जंग पछाडले. त्यांचा एक मुलगा उत्तरेचा मेजर जनरल झाला, दुसरा दक्षिणेचा. लिंकनची पत्नी मेरी टॉड लेक्सिंग्टनची. तिच्या सावत्र बहिणीचा, एमिलीचा, नवरा हार्डिन हेल्म याला लिंकनने सैन्यात पगार-अधिकाऱ्याची जागा देऊ केली होती. ती नाकारून तो दक्षिणेकडे गेला आणि सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत मारला गेला. डिसेंबरात विधवा एमिली व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला होती. शत्रूच्या सेनापतीची बायको अध्यक्षांच्या घरात, म्हणून टीकाही झाली.

ज्यांची निष्ठा कुणी विचारलीच नव्हती, त्यांची गोष्ट वेगळी. गुलामांना मुक्त करणारी लिंकनची १८६३ ची मुक्तिघोषणा फुटलेल्या राज्यांपुरती होती, केंटकीला ती लागूच नव्हती. १८६४ मध्ये गुलामांची सैन्यभरती सुरू झाल्यावर केंटकीतल्या कॅम्प नेल्सन या उत्तरेच्या लष्करी छावणीकडे माणसांची रीघ लागली, आणि राज्यातून सुमारे २४,००० कृष्णवर्णीय सैनिक उभे राहिले. सैनिक मुक्त, पण त्यांची बायकामुले गुलामच. नोव्हेंबर १८६४ च्या कडाक्याच्या थंडीत छावणीच्या अधिकाऱ्यांनी सुमारे ४०० बायकामुलांना हाकलून त्यांची खोपटी पाडली. त्यांतले शंभराहून अधिक जीव दगावले. यावर गदारोळ उठला आणि मार्च १८६५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) सैनिकांच्या कुटुंबांना मुक्त करणारा कायदा केला.

या भरतीने आणि लष्करी कायद्याच्या जाचाने गोरे केंटकीकर बिथरले. १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत राज्याने लिंकनविरोधात डेमोक्रॅटिक उमेदवार मॅक्लेलनला कौल दिला, आणि गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ मध्ये फेटाळली. तिला मान्यता दिली ती १९७६ साली. केंटकी युद्ध संपल्यावर फुटून निघाले, असे इतिहासकार म्हणतात ते यामुळेच. फ्रँकफर्टच्या विधानभवनातील घुमटाखाली १९११ मध्ये लिंकनचा पुतळा बसला, १९३६ मध्ये डेव्हिसचा. डेव्हिसचा पुतळा जून २०२० मध्ये तिथून हलवण्यात आला.